जुन्या लॅपटॉपची नाडी: बॅटरी आणि वेगाचं निदान घरच्या घरी

माझी ताई नाशिकजवळच्या एका शाळेत शिकवते. तिचा लॅपटॉप २०१८ सालचा. सातव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क आणि विंडोज १०. २०२५च्या दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा तिनं तो माझ्यासमोर ठेवला. "अरे, चार्जर काढला की पंधरा मिनिटांत बंद पडतो. आणि चालू असतो तेव्हा तर बघवत नाही. निकालाची फाइल उघडेपर्यंत तास संपतो." दुकानात तिला बॅटरी बदलायची आणि विंडोज नव्यानं टाकायची असं सांगितलं होतं. वर हेही, की त्यापेक्षा नवीनच घ्या.

यातलं काहीही केलं असतं तरी तो लॅपटॉप तसाच राहिला असता. नवी बॅटरी त्यात चार्जच झाली नसती. का, ते पुढे येईल. दोन दुपारी खर्च करून आम्ही एकेक गोष्ट तपासत गेलो, आणि ज्या क्रमानं तपासलं तोच क्रम इथे मांडतो आहे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बॅटरी लवकर उतरणं आणि मशीन हळू चालणं या तक्रारी आपण वेगवेगळ्या सांगत असलो तरी आतमध्ये त्या एकमेकींत अडकलेल्या असतात. पंख्यात धूळ साचली की प्रोसेसर तापतो, तापला की स्वतःच वेग कमी करतो, वेग कमी झाला की काम लांबतं आणि तेवढा वेळ वीज जळत राहते. तीच उष्णता शेजारच्या बॅटरीलाही झिजवते. म्हणून आधी मोजायचं, मग फुकटात होणारे उपाय, आणि पैसे सगळ्यात शेवटी.

बॅटरी फुगली आहे का, हे सगळ्याच्या आधी

लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा. चारही कोपऱ्यांवर हलकं बोट दाबून बघा. तो डुगडुगतो का? टचपॅड मध्येच वर आलाय का, क्लिक करताना घट्ट लागतो का? झाकण मिटल्यावर एका बाजूला फट राहते का? यातलं काही असेल तर बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता मोठी आहे. जुन्या सेलमध्ये रासायनिक विघटनातून वायू तयार होतो आणि पातळ पाकीट फुगतं.

अशा लॅपटॉपला चार्जर लावू नका. दाबून जागेवर बसवायचा प्रयत्न करू नका, टोकदार वस्तू जवळ नेऊ नका. भरलेल्या बॅगेत कोंबून एसटीनं प्रवासही नको. बंद करून जवळच्या जाणकार दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि बॅटरी काढून घ्या. "अजून चालतोय ना, मग चालू दे" हे वाक्य मी अनेक घरांत ऐकलंय आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो. सेल फुटला तर आग लागते, आणि ती पेटते ती मांडीवर, अंथरुणावर किंवा पोरांच्या टेबलावर.

बॅटरी सपाट आहे? मग पुढे. पण काहीही उघडण्याआधी महत्त्वाच्या फाइल, फोटो आणि निकालपत्रकं एका बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. जुनी हार्ड डिस्क कधी दगा देईल ते सांगता येत नाही.

अर्धा तास फक्त मोजणी

सुरुवातीला एकदा रीस्टार्ट करा. शटडाऊन नव्हे, रीस्टार्टच. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय बहुधा चालू असते. तिच्यामुळे शटडाऊन केल्यावर सिस्टमचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तसाच परत आणला जातो. त्यामुळे रोज रात्री नेमानं बंद होणारा लॅपटॉप आतून कित्येक आठवडे सलग चालू असतो. रीस्टार्टमध्ये सगळं खरोखर नव्यानं सुरू होतं. काही मशीन एवढ्यानंच बरी होतात.

आता बॅटरीचा अहवाल काढू. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडा. तिथे लहान इंग्रजी अक्षरांत पॉवर हा शब्द लिहा, त्याला जोडूनच सी, एफ, जी ही तीन अक्षरं. मग एक जागा सोडा, उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ द्या आणि तिला चिकटून बॅटरी व रिपोर्ट हे दोन शब्द मध्ये जागा न सोडता लिहा. एंटर दाबलं की अहवाल कुठे साठवला तो पत्ता दिसतो. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडते.

त्यात वरच दोन आकडे दिसतील. डिझाइन कपॅसिटी म्हणजे बॅटरी नवी असताना तिच्यात किती वीज मावायची, आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज किती मावते. ताईच्या लॅपटॉपवर पहिला आकडा ४१,०४० मिलिवॉट-तास होता आणि दुसरा १७,३००. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की ४२ टक्के. म्हणजे स्क्रीनवर १०० टक्के दिसत असले तरी हंडा निम्म्याहून लहान झालेला. खाली सायकल काउंट असतो, म्हणजे बॅटरीच्या पूर्ण क्षमतेइतकी वीज आजवर किती वेळा वापरली गेली, पण तो काही मॉडेलमध्ये रिकामाच येतो, त्यानं बिघडत नाही. मॅकवाल्यांनी ऑप्शन की दाबून ॲपल मेनू उघडावा, सिस्टम इन्फर्मेशनमध्ये पॉवर या सदरात सायकल काउंट आणि कंडिशन दोन्ही मिळतात. गेल्या दहाएक वर्षांतल्या मॅकबुकच्या बॅटऱ्या १,००० सायकलींसाठी बनवलेल्या असतात.

माझा ठोकताळा असा: ८० टक्क्यांच्या वर असेल तर बॅटरीला दोष देऊ नका, दुसरीकडे शोधा. ६० ते ८० मध्ये असेल तर सवयी बदलून निभावतं. ५०च्या खाली गेली की बदलायचा विचार करा, पण लगेच नाही, बाकीची तपासणी झाल्यावर.

हे मिलिवॉट-तास रोजच्या भाषेत आणायला सोपं आहे. मध्यम उजेडावर, ब्राउझर आणि वर्ड उघडं असताना साधा लॅपटॉप साधारण ८ ते १२ वॉट ओढतो. ४१ वॉट-तासांची बॅटरी १० वॉटनं वापरली तर चार तास, १७ वॉट-तासांची वापरली तर पावणेदोन तासांच्या आतबाहेर. मग ताईला पंधराच मिनिटं का मिळत होती? हा प्रश्न तिथेच टोचला. अहवाल म्हणत होता की बॅटरी अर्धमेली आहे, पण पंधरा मिनिटांइतकी मेलेली नाही.

दुसरी मोजणी वेगाची. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन की एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. परफॉर्मन्स या टॅबमध्ये तीन गोष्टी वहीत लिहून घ्या. सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, पानावरचा स्पीड आणि त्याच्या शेजारचा बेस स्पीड, म्हणजे त्याचा ठरलेला मूळ वेग. डिस्कच्या पानावरचा ॲक्टिव्ह टाइम आणि ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम. मेमरीच्या पानावर किती वापरात आहे. एकदा मशीन रिकामं असताना आणि एकदा नेहमीचं काम सुरू असताना. वहीत लिहा असं मुद्दाम सांगतो, कारण नंतर प्रत्येक उपायानंतर फरक पडला की नाही हे मनाच्या भरवशावर ठरवलं तर फसगत होते.

ताईच्या वहीत लिहिलं गेलं: बेस स्पीड २.३० गिगाहर्ट्झ, प्रत्यक्ष स्पीड ०.७८. एक्सेल उघडत असताना, यूट्यूब लावल्यावर, कशाही वेळी ०.७८. रिकाम्या मशीनचा वेग खाली असणं स्वाभाविक आहे, वीज वाचवायला प्रोसेसर तसं करतोच. पण काम असताना आकडा हलेना, तर कुणीतरी त्याला दावणीला बांधलंय हे नक्की.

अडॅप्टरकडे कुणी बघतच नाही

घड्याळाशेजारच्या बॅटरीच्या चिन्हावर माउस नेला तेव्हा 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' असं दिसलं. बॅटरी १८ टक्क्यांवर थबकलेली. ताईनं मग सांगितलं, की सकाळी सुरू करताना काळ्या पडद्यावर काहीतरी इंग्रजी संदेश येतो आणि ती एक की दाबून तो पुढे ढकलते. कधीपासून? "झाले असतील पाच-सहा महिने." तो संदेश होता: अडॅप्टर कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखता येत नाही.

अनेक लॅपटॉपच्या गोल पिनमध्ये मधोमध बारीक सुई असते. तिच्यातून वीज नाही, ओळख जाते: हा अडॅप्टर इतक्या वॉटचा आहे. ती सुई वाकली, तुटली, किंवा वायर मानेपाशी आतल्या आत तुटली, तर लॅपटॉपला अडॅप्टरची ताकद कळत नाही. मग तो सावध पवित्रा घेतो, बॅटरी चार्ज करणं थांबवतो आणि प्रोसेसरला सगळ्यात खालच्या वेगावर आणतो, म्हणजे अडॅप्टरवर ताण येऊ नये. एका वाकलेल्या सुईनं बॅटरीही 'गेली' आणि मशीनही 'म्हातारं' झालं. १७.३ वॉट-तासांच्या १८ टक्के म्हणजे तीन वॉट-तास, आणि १२ वॉटनं ते बरोबर पंधरा मिनिटं पुरतात. हिशेब तिथे जुळला.

त्यामुळे अडॅप्टर असा तपासा. मागच्या लेबलवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर लॅपटॉपच्या तळाच्या लेबलशी जुळवा. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. ६५ वॉट मागणाऱ्या मशीनला ४५ वॉटचा लावला तर ते कुरकुरत चालतं, काम वाढलं की वेग पाडतं किंवा चार्जिंग थांबवतं. टॉर्चच्या उजेडात पिनमधली सुई बघा. वायरचा वळणाचा भाग हळू हलवून चार्जिंगचं चिन्ह जातंय-येतंय का बघा. शक्य असेल तर त्याच मॉडेलचा दुसऱ्याचा अडॅप्टर अर्धा तास मागून आणा, यापेक्षा खात्रीची परीक्षा नाही. टाइप-सीनं चार्ज होणाऱ्या लॅपटॉपला मोबाइलचा चार्जर बसतो, पण पुरतोच असं नाही. वॉट तिथेही बघा, आणि केबलचेही: साधी टाइप-सी केबल ६० वॉटपर्यंतच वाहून नेते.

धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल तर तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये खोचलाय का ते पाहा. अर्थिंग तुटलेलं असतं. जुन्या वाड्यांत आणि चाळींत सॉकेटला अर्थिंगची तारच नसते, तिथे इलेक्ट्रिशियनला बोलावणं हाच मार्ग.

अजून एक फुकटचा उपाय इथेच करून घ्या. लॅपटॉप बंद करा, अडॅप्टर काढा, बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. चार्जिंग सांभाळणारा छोटा नियंत्रक त्यामुळे नव्यानं सुरू होतो. अडकलेलं चार्जिंग कधी कधी एवढ्यानं सुटतं.

आम्ही त्याच कंपनीचा अस्सल अडॅप्टर आणला. लावताक्षणी चार्जिंग सुरू झालं आणि वेग २.३० वर गेला. बाकी दुखणी मात्र होतीच.

उष्णता, आणि खडूची धूळ

दहा मिनिटं व्हिडिओ आणि एक्सेल एकत्र चालवल्यावर वेग पुन्हा १.४ वर घसरला. तापमान बघायला कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूइन्फो यांसारखा फुकट प्रोग्राम वापरा. ताईचा प्रोसेसर ९७ अंशांवर होता. बहुतेक लॅपटॉप प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचले की जीव वाचवायला वेग तोडतात. रिकामं असताना ४०–५०, कामात ८०–८५पर्यंत असेल तर काळजी नको. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे खोलीच तापलेली असते, तिथे आठ-दहा अंश वर धरून चाला.

तळ उघडायचा असेल तर फिलिप्सचा, म्हणजे अधिकच्या चिन्हासारख्या टोकाचा, शून्य नंबरचा स्क्रू-ड्रायव्हर आणि एखादं जुनं प्लास्टिकचं कार्ड पुरतं. आधी यूट्यूबवर तुमच्या नेमक्या मॉडेलचं उघडणं बघून घ्या. रबरी पायांखाली लपलेला एखादा स्क्रू राहिला आणि झाकण ओढलं तर प्लास्टिकच्या खाचा मोडतात. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढा आणि जो स्क्रू जिथला तो तिथेच कागदात टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर कीबोर्डाला खालून भोक पडतं.

झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. नखानं किंवा प्लास्टिकनं, धातूनं नाही. तो जोडलेला असेपर्यंत आत कशालाही हात लावू नका.

ताईचा पंखा वरून बरा दिसत होता. पंख्याचं झाकण काढलं तेव्हा पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधोमध करड्या-पांढऱ्या धुळीचा नमदा निघाला, उशीच्या कापसासारखा घट्ट, अखंड, चिमटीत धरून एका पट्टीत ओढता आला असा. खडूची धूळ. सात वर्षं फळ्याशेजारच्या टेबलावर बसून त्या पंख्यानं ओढलेली. वरून कितीही हवा मारली असती तरी तो थर हलला नसता, उलट जाळीत आणखी आत बसला असता. म्हणून पंख्याचं झाकण काढणं गरजेचं. नंतर मऊ ब्रशनं झाडा. हवेचा कॅन किंवा ब्लोअर वापरत असाल तर पंख्याची पाती टूथपिकनं अडवून धरा, भन्नाट फिरवला तर बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्यानं स्थिर वीज तयार होते.

प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता वरच्या धातूपर्यंत पोचवणारा लेप, चार-पाच वर्षांत सुकून खडखडीत होते. हात बसलेला असेल तर बदला. हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या त्या धातूच्या पट्टीच्या, स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात, त्याच क्रमानं थोडे थोडे आवळायचे. जुनी पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. सॅनिटायझर नको, त्यात मऊपणासाठी इतर द्रव्यं असतात. नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी पुरे. हात थरथरत असेल तर हे एवढंच काम दुरुस्तीवाल्याला द्या, त्यात कमीपणा नाही.

साफसफाईनंतर तेच काम करताना तापमान ७४ अंश, वेग २.३० वर कायम.

काही टर्बो (गरजेला बेस स्पीडच्याही वर जायची सोय) असलेल्या प्रोसेसरना नुसतं ब्राउझर उघडलं तरी तापायची सवय असते. त्यांच्यासाठी एक युक्ती: जुन्या कंट्रोल पॅनेलमधल्या ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्जमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० ऐवजी ९९ करा. टर्बो बंद होतो, लिखापढीच्या कामात फरक जाणवत नाही, पंखा शांत होतो आणि बॅटरीही लांबते.

फिरती हार्ड डिस्क

आता सुरू व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलं: बटण दाबल्यापासून निकालाची फाइल उघडेपर्यंत चार मिनिटं दहा सेकंद. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, रिस्पॉन्स टाइम कधी ४०० तर कधी ८०० मिलिसेकंद, आणि प्रत्यक्ष वाहतूक जेमतेम सेकंदाला १–२ एमबी. याचा अर्थ डिस्क भरपूर काम करत नाहीये, तिचं डोकं तबकडीभर इकडून तिकडे धावण्यातच वेळ जातोय. विंडोज १० एकाच वेळी शेकडो लहान तुकडे मागतं, आणि मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी तबकडी त्यासाठी बनलेलीच नाही.

जुन्या लॅपटॉपवर एकच खर्च करायची ऐपत असेल तर तो एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या, चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कवर करा. बॅटरीच्याही आधी. माझं हे मत ठाम आहे. साध्या साटा (जुन्या हार्ड डिस्कच्याच जोडणीच्या) एसएसडीचा वाचण्याचा वेग सेकंदाला ५०० एमबीच्या वर असतो, पण खरा फरक लहान तुकड्यांत पडतो: फिरती डिस्क सेकंदाला जेमतेम पन्नास-शंभर तुकडे शोधू शकते, एसएसडी हजारो.

घेण्याआधी दोन गोष्टी. क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट प्रोग्राममध्ये जुन्या डिस्कची तब्येत बघा. पिवळं 'कॉशन' दिसलं किंवा पेंडिंग सेक्टरचा आकडा शून्याहून जास्त असेल तर ती डिस्क आता फक्त बॅकअप काढण्यापुरती वापरा. आणि लॅपटॉपमध्ये कोणती एसएसडी बसते ते नीट ठरवा. अडीच इंची डिस्क असेल तर त्या जागी ७ मिलिमीटर जाडीची साटा एसएसडी बसते. बोर्डावर एम डॉट टू खाच (पातळ पट्टीसारख्या एसएसडीची जागा) असेल तर ती साटासाठी आहे की एनव्हीएमई या जास्त वेगाच्या जोडणीसाठी हे कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बघा. दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्या असतात, पण चुकीची घेतली तर बसते आणि लॅपटॉपला दिसत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत घेणार असाल तर जुन्या पट्टीचा किंवा खाचेचा फोटो मोबाइलमध्ये न्या, आणि छापील बिल, वॉरंटीसह मागा. बिलाशिवाय भाव कमी मिळतो, पण सहा महिन्यांनी एसएसडी मेली तर तो कमी भाव महागात पडतो.

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करता येते, पण मी विंडोज नव्यानं टाकायचा सल्ला देतो. सात वर्षांचा कचरा नव्या डिस्कवर का न्यायचा? लॅपटॉपसोबत आलेला परवाना बोर्डाशी जोडलेला असतो, इंटरनेट लावलं की विंडोज आपोआप सक्रिय होतं. कुणी परवान्याचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

रॅम आणि आपोआप सुरू होणारे प्रोग्राम

मेमरीच्या पानावर रोजच्या कामात ८५–९० टक्के दिसत असेल तर रॅम कमी पडतेय. ४ जीबीवर आजचा ब्राउझर धापा टाकतो, ८ जीबीवर चालतो. त्याच पानावर 'स्लॉट्स यूज्ड' असतं. एक रिकामा असेल तर काम सोपं. डीडीआर३एल आणि डीडीआर४ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, तेव्हा प्रकार नक्की करून घ्या. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर डाग दिलेली असते, तिथे वाढवता येत नाही. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव जगभर चढले आहेत, त्यामुळे चांगल्या स्थितीतली वापरलेली पट्टी, दुकानात लावून तपासून घेतली, तर मला गैर वाटत नाही.

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमधले अनावश्यक प्रोग्राम डिसेबल करा. प्रिंटरचे मदतनीस, व्हिडिओ कॉलची ॲप, गेमचे लाँचर. दोन अँटिव्हायरस एकत्र असतील तर एक काढा, विंडोजचा स्वतःचा पुरतो. 'पीसी फास्ट' करून देणारे क्लीनर टाकूच नका.

आता बॅटरी

एवढं झाल्यावर ताईच्या लॅपटॉपची जुनीच बॅटरी, तीच ४२ टक्क्यांची, पावणेदोन तास चालली. घरी वापरणाऱ्याला तेवढं पुरलं असतं. शाळेत दुपारी वीज जाते, म्हणून तिनं बदलायचं ठरवलं.

जुन्या बॅटरीच्या स्टिकरवर पार्ट नंबर, व्होल्ट आणि वॉट-तास असतात. तिचे ११.४ व्होल्ट आणि ३,६०० मिलिॲम्पिअर-तास होते. गुणाकार करा: ४१.०४ वॉट-तास, अहवालातला आकडा. बनावट बॅटरी ओळखायला हा गुणाकार कामी येतो. स्टिकरवरचे तीन आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर ती परत ठेवा. १०.८ आणि ११.१ हे एकाच प्रकारच्या तीन सेलचे दोन लिहायचे प्रकार आहेत, पण ११.४ची जात वेगळी. तिचे सेल ४.२ऐवजी ४.३५ व्होल्टपर्यंत चार्ज होतात. ती अदलाबदल करू नका. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम बॅटरीवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. उत्पादनाची तारीखही बघा. दोन वर्षं गोदामात पडलेली 'नवी' बॅटरी नवी नसते, लिथियम-आयन न वापरताही झिजते.

बसवल्यावर एकदा पूर्ण चार्ज करा, मग आपोआप बंद होईपर्यंत वापरा, पुन्हा सलग पूर्ण चार्ज करा. यानं टक्केवारी मोजणारा काटा जुळतो. ३० टक्क्यांवरून अचानक बंद पडणाऱ्या बॅटरीवरही हा प्रयोग एकदा करून बघावा, काटाच चुकलेला असेल तर सुधारतो. मात्र यानं झिजलेली क्षमता परत येत नाही, आणि दर आठवड्याला केलं तर उलट झीज वाढते.

पुढची झीज रोखायला सगळ्यात मोठा उपाय फुकट आहे: चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवणं. लेनोवोच्या व्हँटेजमध्ये कॉन्झर्व्हेशन मोड, असूसच्या मायअसूसमध्ये बॅटरीची काळजी घेणारा पर्याय, एचपी आणि डेलच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) बॅटरीचं सेटिंग असतं. लॅपटॉप दिवसभर प्लगला लावून वापरणाऱ्यांनी ते आजच चालू करावं. पूर्ण भरलेली आणि वर तापलेली ही दुहेरी स्थिती लिथियम-आयनला सगळ्यात जास्त खाते. उत्पादक साधारण ४५ अंशांच्या वर चार्जिंग करू नका म्हणतात, आणि उन्हात उभ्या गाडीत किंवा गोधडीवर ठेवलेल्या लॅपटॉपच्या पोटात तेवढं सहज होतं. सुट्टीत महिनाभर ठेवून द्यायचा असेल तर ५० टक्क्यांच्या आसपास सोडून, बंद करून ठेवा.

विंडोज १० चं काय करायचं

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १० ची नेहमीची अपडेट थांबली. विंडोज ११ला इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. ताईचा सातव्या पिढीचा, त्यामुळे दार बंद. युक्त्या करून ११ टाकता येतं, पण मुलांची माहिती असलेल्या मशीनवर मी ते करणार नाही, कारण पुढची अपडेट मिळतीलच याची हमी नसते. मायक्रोसॉफ्ट खात्यानं नोंदणी केली की घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा-अपडेट मिळतात, ती केली.

त्यानंतरची सोय लिनक्स मिंट, विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट सिस्टम. एसएसडी आणि ८ जीबी रॅमवर ते छान धावतं, सरकारी पोर्टल ब्राउझरमध्ये चालतात, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहेच. अडचण एकच: ताईच्या जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडपूर्वीच्या (आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत, त्या तिथे अगम्य अक्षरं होऊन उघडतात. रोज दोन-तीन करत ती त्या युनिकोडमध्ये आणत आहे. डिजिटल सही वापरणाऱ्यांनी आपल्या टोकनचा ड्रायव्हर लिनक्सवर मिळतो का, हे आधी विचारून घ्यावं.

खर्च कुठे थांबवायचा

दुरुस्तीची बेरीज तशाच नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या एक तृतीयांशाच्या वर जात असेल तर मी थांबतो. मोडलेला बिजागर, पिवळी पडलेली स्क्रीन, समुद्राच्या हवेनं हिरवा पडलेला बोर्ड यांतलं काही सोबत असेल तर त्याही आधी. कोकणातून आणि गोव्यातून आलेल्या मशीनचा बोर्ड मी उघडल्याबरोबर टॉर्चनं बघतो, कनेक्टरवर हिरवट पूड असली तर एसएसडी घ्यायला सांगत नाही.

ताईच्या वहीतल्या शेवटच्या ओळी अशा आहेत: सुरू होऊन फाइल उघडायला ३१ सेकंद, तापमान ७४, बॅटरी चार तास वीस मिनिटं. जुनी बॅटरी तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून वेगळ्या डब्यात ठेवली आणि ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात दिली. घंटागाडीत टाकू नका, कचरा दाबणाऱ्या गाडीत ती पेट घेऊ शकते.